विजेची साठवण स्वस्त झाली म्हणजे नेमकं काय झालं?

१६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या ग्रिडवर, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावर, एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. सूर्य मावळल्यावर काही काळ त्या ग्रिडला सर्वाधिक वीज बॅटऱ्यांकडून मिळत होती. वायूवर चालणारी केंद्रं, धरणं, अणुऊर्जा, शेजारच्या राज्यांतून येणारी वीज, यांतल्या प्रत्येकाचा वाटा त्या वेळी बॅटऱ्यांपेक्षा कमी होता. बॅटऱ्या ६,००० मेगावॉटहून जास्त वीज देत होत्या आणि त्यातली बरीचशी दुपारच्या उन्हात तयार झालेली होती. २०२० च्या सुरुवातीला याच ग्रिडवरच्या बॅटऱ्यांची क्षमता जेमतेम काहीशे मेगावॉट होती.

चार वर्षांत एवढा फरक पडण्यामागे सरकारी नियम होते, अनुदानं होती, पण मुख्य कारण किंमत. ऊर्जेच्या क्षेत्रात गेल्या पंधरा वर्षांत घडलेल्या सगळ्यांत आशादायक गोष्टींमध्ये मी या घसरणीला फार वरचं स्थान देतो. मात्र ही बातमी आपल्यापर्यंत पोचते ती एका आकड्याच्या रूपात, ‘बॅटरी इतक्या टक्क्यांनी स्वस्त’ अशी. त्या आकड्यावरून बॅटरीची किंमत कळते, साठवलेल्या विजेची कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक लक्षात आला की बॅटऱ्या आज कुठला प्रश्न सोडवतात आणि कुठला नाही, हे स्वच्छ दिसू लागतं.

मुळात साठवण लागते कशाला?

ग्रिडवर वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. तारांमध्ये ती साचून राहत नाही. मागणी पुरवठ्यापेक्षा थोडी जरी वाढली तरी जनित्रांची गती मंदावते आणि ग्रिडची वारंवारता, जी देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ असते, खाली येते. मागणी घटली तर ती वर जाते. हा फरक एका मर्यादेबाहेर गेला की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी ग्रिडपासून तुटतात, आणि एकामागोमाग एक तुटत गेली तर अख्खा प्रदेश अंधारात जातो. शंभरहून अधिक वर्षं हा तोल सांभाळण्याची एकच मुख्य रीत होती: मागणी वाढली की कोळसा किंवा वायू जास्त जाळायचा, नाहीतर धरणाचे दरवाजे आणखी उघडायचे. इंधन हीच साठवण होती.

ऊन आणि वारा मागणी पाहून येत नाहीत. सौर पॅनेलं भर दुपारी सगळ्यात जास्त वीज देतात आणि मागणी बऱ्याच ठिकाणी सूर्यास्तानंतर टोक गाठते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ मध्ये दिवसभराच्या मागणीतून सौर आणि पवन वीज वजा करून एक आलेख काढला. दुपारी खोल खड्डा आणि संध्याकाळी उभा चढ, असा त्याचा आकार बदकासारखा दिसला आणि तो त्याच नावाने प्रसिद्ध झाला. दुपारी वीज इतकी जास्त होते की घाऊक बाजारातला दर कधीकधी शून्याच्या खाली जातो आणि धडधाकट सौर प्रकल्प बंद ठेवावे लागतात. पुढच्या तीन-चार तासांत उलट परिस्थिती येते आणि वायूची केंद्रं घाईघाईने चालू करावी लागतात. दुपारची वीज संध्याकाळी नेता आली तर या दोन्ही अडचणी एकदम सुटतात.

दोन मापं, जी बातम्यांमध्ये सतत एकमेकांत मिसळतात

एक माप मेगावॉट आणि दुसरं मेगावॉट-तास. पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकीत पाणी किती मावतं ही एक गोष्ट, आणि तिच्या नळातून एका मिनिटाला किती पाणी पडू शकतं ही दुसरी. मेगावॉट हे नळाचं माप आहे, मेगावॉट-तास हे टाकीचं. आपल्या बिलावरचा एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे टाकीच्याच जातीचं माप. एका मेगावॉट-तासात असे १,००० युनिट असतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियातला हॉर्न्सडेलचा बॅटरी प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा तो १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तास एवढा होता. याचा अर्थ पूर्ण क्षमतेने वीज सोडली तर तो सव्वा तासाच्या आसपास चालणार. हल्लीचे बरेच प्रकल्प दोन किंवा चार तासांचे असतात. ‘अमुक इतक्या मेगावॉटची साठवण उभी राहिली’ असं वाचलं की ‘किती तासांची?’ हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. किंमत मात्र साधारणपणे टाकीच्या मापात सांगतात: साठवणुकीच्या एका युनिटमागे किती डॉलर.

घसरण केवढी झाली

ब्लूमबर्गएनईएफ ही संशोधन संस्था दर वर्षी लिथियम-आयन बॅटरी पॅकच्या (सेल नावाचे अनेक छोटे घटक एकत्र जोडलेला संच) जागतिक सरासरी किमतीचं सर्वेक्षण करते. महागाईचा हिशेब धरून पाहिलं तर २०१० मध्ये ही किंमत एका युनिट क्षमतेमागे १,००० डॉलरहून जास्त होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलर झाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनेही २०२४ च्या अहवालात हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: पंधरा वर्षांहून कमी काळात ९० टक्के घट.

ही सरासरी मुख्यतः मोटारींच्या पॅकची आहे. ग्रिडवर मात्र नुसता पॅक आणून ठेवून चालत नाही. तो कंटेनरमध्ये बसवायचा, थंड ठेवायचा, त्याची एकदिश (डीसी) वीज प्रत्यावर्ती (एसी) करणारे इन्व्हर्टर लावायचे, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी नियंत्रण यंत्रणा जोडायची. असं सगळं धरून २०२४ मध्ये जागतिक सरासरी १६५ डॉलर प्रति युनिट निघाली, आधीच्या वर्षापेक्षा तब्बल ४० टक्क्यांनी कमी. त्यातही प्रदेशागणिक मोठं अंतर होतं. चीनमध्ये सरासरी १०१ डॉलर, अमेरिकेत २३६, युरोपात २७५. प्रत्यक्ष बांधकाम आणि ग्रिडला जोडणी हे खर्च याच्याही बाहेर राहतात.

एकाच वस्तूची किंमत जगात अडीच पटीहून जास्त बदलते, यातच बरंच काही सांगून होतं. सेल सगळीकडे जवळपास सारखेच असतात. आयात शुल्क, मजुरी, सुरक्षेचे नियम, मंजुरीला लागणारा वेळ, पुरवठादारांमधली स्पर्धा, या गोष्टी सारख्या नसतात. सेल जसजसे स्वस्त होतात तसतसा एकूण खर्चातला त्यांचा वाटा कमी होतो आणि उरलेल्या गोष्टींचा वाढतो. ट्रान्सफॉर्मर किंवा उपकेंद्रातली जोडणी बॅटरीच्या वेगाने स्वस्त होत नाही. म्हणून सेलच्या किमतीत यापुढे तेवढ्याच टक्क्यांची घट झाली तरी प्रकल्पाच्या किमतीत तेवढी दिसणार नाही.

स्वस्ताई आली कुठून

हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण यातली बहुतेक वर्षं ग्रिड हे कुणाचं उद्दिष्टच नव्हतं.

लिथियम-आयन बॅटरीची पायाभरणी १९७० आणि १९८० च्या दशकांत झाली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये काम करताना लिथियमची पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी दाखवली. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीतलं धन टोक) शोधला, अकिरा योशिनो यांनी जपानमध्ये त्याला सुरक्षित, विकता येईल असं रूप दिलं. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली. तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅमेरे, लॅपटॉप आणि मोबाइल यांनी पहिली दोन दशकं या बॅटरीचे कारखाने पोसले, त्यानंतर मोटारींनी. एका मोटारीला हजारो मोबाइलांएवढी बॅटरी लागते, त्यामुळे कारखान्यांचा आकार एकदम बदलला.

उत्पादन वाढलं की खर्च उतरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती उतरतो, हे थिओडोर राइट या अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या बाबतीत मांडलं: आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च ठरावीक टक्क्यांनी कमी होतो. लिथियम-आयन बॅटरीसाठी हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास निघतं. एकूण उत्पादन शंभरावरून हजार पटींवर जाताना ते तीनपेक्षा जास्त वेळा दुप्पट होतं आणि तेवढ्यात किंमत निम्म्याच्या आसपास येते.

हा काही निसर्गाचा नियम नाही. त्यामागे कारखान्यातल्या माणसांची बारीक बारीक कामं असतात. धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा थर चढवण्याचं यंत्र अधिक वेगाने चालवायचं. थर थोडा जाड करायचा, म्हणजे तेवढ्याच पत्र्यात जास्त वीज मावते. सदोष निघून फेकून द्याव्या लागणाऱ्या सेलचं प्रमाण कमी करायचं. नव्या कारखान्यात हे प्रमाण सुरुवातीला फार मोठं असतं आणि नफा-तोटा बऱ्याचदा त्यावरच ठरतो. सेलच मोठा करायचा. ग्रिडसाठी काही वर्षांपूर्वी २८० अँपिअर-तासांचा सेल सर्रास वापरत, आता ३१४ चा वापरतात. मोठ्या सेलमुळे तेवढ्याच विजेसाठी कमी जोडण्या, कमी सेन्सर, कमी खोकी लागतात. वीस फुटी कंटेनरमध्ये पूर्वी तीन-साडेतीन मेगावॉट-तास मावत, आता पाच सहज मावतात. कंटेनर तोच, त्याखालचा काँक्रीटचा चौथरा तोच, आणि आत दीडपट साठवण.

दुसरं कारण रसायनाचं. मोटारींना हलकी बॅटरी हवी म्हणून निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा कॅथोड लोकप्रिय झाला. निकेल महाग, कोबाल्ट त्याहून महाग, आणि कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोच्या खाणींतून येतो, जिथल्या कामाच्या परिस्थितीबद्दल गंभीर आक्षेप आहेत. गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात एक वेगळा कॅथोड आला होता: लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला आता सगळे एलएफपी म्हणतात. लोह आणि फॉस्फेट दोन्ही मुबलक. पण तेवढ्याच वजनात वीज कमी मावते, म्हणून चीनबाहेरच्या मोटार कंपन्यांनी त्याकडे बरीच वर्षं पाठ फिरवली. चिनी उत्पादकांना देशातल्या विक्रीपुरता पेटंटचा अडसर नव्हता. त्यांनी त्यावर सातत्याने काम केलं, आणि २०२२ च्या आसपास मूळ पेटंटं संपली तेव्हा सगळ्या जगाला पुरवण्याएवढी तयारी त्यांच्याकडे होती.

ग्रिडसाठी हे रसायन फार सोयीचं आहे. जमिनीवर ठेवलेल्या कंटेनरचं वजन थोडं जास्त झालं तर काहीच बिघडत नाही. वर ही बॅटरी हजारो वेळा भरून रिकामी करता येते आणि जास्त तापमानाला टिकते. आज ग्रिडवरच्या नव्या प्रकल्पांमध्ये बहुतेक सगळीकडे एलएफपीच असतं.

तिसरं कारण तेवढं टिकाऊ नाही, आणि ते वेगळं काढून पाहायला हवं. लिथियम कार्बोनेटचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये टनामागे ६ लाख युआनच्या जवळ गेला होता. त्या वर्षी बॅटऱ्यांची सरासरी किंमत उतरण्याऐवजी चढली. मग नव्या खाणी सुरू झाल्या, मागणीचे अंदाज खाली आले आणि २०२३ संपताना हाच भाव १ लाख युआनच्या आसपास होता. त्याच काळात चीनमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त कारखाने उभे राहिले आणि उत्पादक अगदी कमी नफ्यावर माल विकू लागले. २०२४ च्या ४० टक्क्यांच्या घसरणीत या दोन्हींचा हात आहे. लिथियमचा भाव पुन्हा चढू शकतो, तोट्यातले कारखाने बंद होऊ शकतात. रसायनातला बदल आणि कारखान्यात मुरलेलं कसब मात्र परत जात नाही. म्हणून मी पंधरा वर्षांच्या उतारावर विश्वास ठेवतो, एका वर्षाच्या उडीवर तेवढा नाही.

बॅटरीच्या किमतीपासून साठवलेल्या युनिटच्या किमतीपर्यंत

आता खरा हिशेब. समजा, सगळ्या खर्चासकट साठवण १५० डॉलर प्रति युनिट पडली. पैसे ७ टक्के व्याजाने उभे केले आणि १५ वर्षांत फेडायचे आहेत. मग वर्षाचा हप्ता साधारण साडेसोळा डॉलर येतो. वर्षातले ३५० दिवस ती रोज एकदा भरली आणि रिकामी केली, तर वयोमानाने क्षमता घटते ती धरून वर्षाला सरासरी ३०५ युनिट तिच्यातून बाहेर येतील. साडेसोळा डॉलर भागिले ३०५, म्हणजे दर युनिटला सुमारे ५.४ सेंट. हे झालं नुसतं साठवणीचं भाडं.

त्यात भरायला घेतलेल्या विजेची किंमत मिळवायची. भरताना आणि सोडताना मिळून साधारण १५ टक्के वीज वाया जाते, म्हणून ३ सेंटने घेतलेला युनिट परत मिळताना साडेतीन सेंटला पडतो. एकूण ९ सेंटच्या आसपास. देखभालीचा थोडा खर्च वर. जी वीज एरवी प्रकल्प बंद ठेवून वायाच घालवली असती ती भरली, तर हा भाग जवळजवळ शून्य होतो.

हाच हिशेब १,००० डॉलरच्या काळातला करून पाहा. नुसतं भाडं ३६ सेंट निघतं. एवढी महाग वीज ग्रिडवर कुणी घेणार नाही. म्हणजे किमतीच्या घसरणीने एक जुना धंदा थोडा जास्त फायदेशीर झाला एवढंच घडलेलं नाही. दुपारची वीज संध्याकाळी विकणं हा आधी न जुळणारा व्यवहार जुळू लागला.

आता व्याजाकडे पाहा, कारण चर्चेत ते फार क्वचित येतं. वरच्या उदाहरणात व्याज ७ ऐवजी १२ टक्के केलं तर वर्षाचा हप्ता २२ डॉलर होतो आणि युनिटमागचं भाडं ७.२ सेंट. १५० डॉलरच्या साठवणीसाठी १५ वर्षांत ३३० डॉलर मोजावे लागतात, निम्म्याहून जास्त रक्कम सावकाराकडे जाते. उलट व्याज ७ टक्केच ठेवून साठवण १५० वरून १२० डॉलरवर आली तर भाडं फक्त १.१ सेंटने उतरतं. पाच टक्के जास्त व्याजाचा फटका १.८ सेंटचा आहे. जे देश कर्ज महाग घेतात त्यांच्यासाठी बॅटरीच्या भावापेक्षा बँकेचा दर जास्त निर्णायक ठरतो. इंधनाच्या केंद्रात खर्च वर्षानुवर्षं पसरलेला असतो, सौर, पवन आणि बॅटरीत जवळजवळ सगळा पहिल्या दिवशी करावा लागतो. त्यामुळे गरीब देशांना ही स्वस्ताई पूर्णपणे पोचत नाही. हा मला या सगळ्या कथेतला सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो, आणि तो तंत्रज्ञानाने सुटणारा नाही. दीर्घ मुदतीचे निश्चित खरेदी करार आणि स्वस्त कर्जाची हमी यांनीच तो कमी होऊ शकतो.

किती वेळा वापरता, त्यावर सगळं

हिशेबात एक आकडा बदलून बघू. तीच १५० डॉलरची साठवण, तेच ७ टक्के व्याज, पण ती रोज न वापरता आठवड्यातून एकदा वापरली. वर्षाला साधारण ४५ युनिट मिळतील आणि दर युनिटचं भाडं ३७ सेंटवर जाईल. बॅटरी आजची असली तरी दर २०१० च्या काळातला. आणि वर्षातून पाचदाच वापरली, लांबलेल्या ढगाळ, वारा नसलेल्या दिवसांसाठी राखून ठेवली, तर एका युनिटला साडेतीन डॉलरहून जास्त पडतील.

हप्ता बॅटरी वापरा वा ठेवा, येतच राहतो. म्हणून साठवण स्वस्त की महाग, हे सांगायला वस्तूची किंमत पुरत नाही, काम कुठलं आहे ते विचारावं लागतं. दिवस आणि रात्र यांच्यातलं अंतर भरून काढायचं काम रोज येतं. तिथे लिथियम बॅटरी आजच परवडते. उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यात नेण्याचं काम वर्षातून एकदाच येतं. तिथे बॅटरी आणखी निम्म्याने स्वस्त झाली तरी जवळपासही पोचत नाही. ‘साठवणीचा प्रश्न सुटला’ म्हणणारे पहिल्या कामाबद्दल बोलत असतात आणि ‘बॅटऱ्यांवर ग्रिड चालत नाही’ म्हणणारे दुसऱ्याबद्दल. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं, म्हणून हा वाद संपत नाही.

गंमत म्हणजे बॅटऱ्यांनी सुरुवात केली ती तिसऱ्याच कामाने. सप्टेंबर २०१६ मध्ये वादळात पारेषण वाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि जवळजवळ सगळं दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात गेलं. त्यानंतर हॉर्न्सडेलचा प्रकल्प उभा राहिला. सुरू होऊन दोन आठवडे होतात तोच, डिसेंबर २०१७ मध्ये, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला ५६० मेगावॉटचा कोळशाचा संच अचानक बंद पडला. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या बॅटरीने सेकंदाच्या काही अंशात वीज सोडायला सुरुवात केली. दिलेली वीज थोडी होती, पण वारंवारता घसरताना पहिले काही क्षण सावरणं फार मोलाचं असतं आणि तेवढ्या चपळाईने कुठलंही बाष्पयंत्र हलू शकत नाही. अशा सेवेला बाजारात चांगला भाव मिळे, म्हणून बॅटऱ्या महाग असतानाही तिथे पैसे सुटत.

पण या कामाला फार थोड्या बॅटऱ्या पुरतात. टेक्सासमध्ये त्या भराभर वाढल्या तसे या सेवांचे दर जोरात उतरले आणि प्रकल्पांना संध्याकाळच्या विजेकडे वळावं लागलं. उद्या तिथेही हेच होणार. बॅटऱ्या दुपारची स्वस्त वीज घेतात म्हणून दुपारचा भाव थोडा चढतो, संध्याकाळी विकतात म्हणून तिथला उतरतो, आणि ज्या फरकावर त्या जगतात तो फरकच अरुंद होतो. ग्राहकासाठी हे चांगलंच आहे. गुंतवणूकदाराला मात्र आजच्या फरकावर पंधरा वर्षांचा हिशेब मांडता येत नाही.

आग, आणि एकाच देशावरचं अवलंबित्व

१६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या ३०० मेगावॉटच्या साठवण केंद्राला मोठी आग लागली आणि आसपासच्या हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. तिथे निकेल-कोबाल्ट जातीच्या बॅटऱ्या एका जुन्या वीजकेंद्राच्या बंदिस्त इमारतीत रचलेल्या होत्या, त्यामुळे आग पसरत गेली. आताचे प्रकल्प उघड्यावर, सुट्या कंटेनरांत, मध्ये अंतर सोडून बांधतात आणि एलएफपी वापरतात, ज्याला पेट घ्यायला जास्त तापमान लागतं. एक कंटेनर पेटला तरी शेजारचा वाचावा हा हेतू असतो. शेजारी राहणाऱ्या लोकांची भीती मला पूर्णपणे रास्त वाटते. अंतर, वायू बाहेर काढण्याची सोय, अग्निशमन दलाचं प्रशिक्षण यांवर खर्च होतो आणि तो प्रति युनिट किमतीत मोजलाच पाहिजे. चार डॉलर वाचवण्यासाठी कंटेनर खेटून ठेवणं ही बचत नाही.

दुसरी काळजी पुरवठ्याची. एलएफपी सेल आणि त्याचा कॅथोड जवळजवळ सगळा चीनमध्ये बनतो. जुलै २०२५ मध्ये चीनने हा कॅथोड बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. तेल आणि बॅटरी यांच्यात एक मोठा फरक आहे, की बॅटऱ्यांचा पुरवठा थांबला तरी बसवलेल्या बॅटऱ्या चालत राहतात, फक्त नवीन बसवणं अडतं. तरीही एवढं अवलंबित्व कुठल्याही देशाने निर्धास्तपणे घेऊ नये. सोडियम-आयन बॅटरी हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे. तिला लिथियम लागत नाही, चीनच्या हुबेई प्रांतात २०२४ मध्ये ५० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरूही झाला, पण तिथेही आघाडीवर चीनच आहे.

दिवसांच्या आणि ऋतूंच्या साठवणीचं काय

इथे टाकी प्रचंड आणि अतिशय स्वस्त हवी, कार्यक्षमता थोडी कमी असली तरी चालेल.

जुना आणि सिद्ध उपाय उदंचन जलविद्युत. वीज जास्त असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, कमी असताना टर्बाइनमधून खाली सोडायचं. चढवायला लागलेल्या विजेपैकी ७५ ते ८० टक्के परत मिळते. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगातली ९० टक्क्यांहून जास्त साठवण हीच होती. चीनमधल्या फेंगनिंगचा ३,६०० मेगावॉटचा प्रकल्प २०२४ च्या अखेरीस पूर्ण झाला, तो जगातला सगळ्यात मोठा. बांधायला बरीच वर्षं लागतात, डोंगर आणि पाणी जवळजवळ असावे लागतात, पण आयुष्य पन्नास वर्षांहून जास्त असतं आणि वरचा जलाशय मोठा केला की तास वाढवायला फारसा खर्च लागत नाही. जिथे जागा योग्य आहे तिथे बॅटऱ्या स्वस्त झाल्या म्हणून हे प्रकल्प सोडून देणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

दाबलेल्या हवेची साठवणही जुनी आहे. जर्मनीतल्या हुंटोर्फचं केंद्र १९७८ पासून मिठाच्या भूगर्भातल्या पोकळीत हवा भरून ठेवतं. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी लोखंड गंजवून आणि पुन्हा शुद्ध करून १०० तास वीज देणारी बॅटरी बनवते. भरलेल्या विजेतली निम्म्याहून कमी परत मिळते, पण कच्चा माल लोखंड, पाणी आणि हवा. तिने ठेवलेलं उद्दिष्ट प्रति युनिट २० डॉलरचं आहे. आपल्या हिशेबात आठवड्यातून एकदा वापरलेली १५० डॉलरची बॅटरी ३७ सेंटला पडत होती. २० डॉलरवर तेच भाडं ५ सेंटच्या आत येतं. हायड्रोजनची तऱ्हा याच दिशेची: पोकळीत महिनोन्‌महिने साठवता येतो, पण विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून पुन्हा वीज या फेऱ्यात १०० युनिटांतले ३० ते ४० हाती लागतात.

यांतलं कुठलंही मोठ्या प्रमाणावर स्वस्त होण्याआधीही बरंच करता येतं. गरजेपेक्षा जास्त सौर आणि पवन क्षमता उभारून चांगल्या दिवसांत थोडी वीज वाया घालवणं हे ती वीज सहा महिने साठवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. लांबच्या पारेषण वाहिन्या एका प्रदेशातला वारा दुसऱ्या प्रदेशाच्या शांत दिवशी पोचवतात. मोटारी भरणं, पाणी उपसणं, शीतगृहं थंड करणं अशी कामं दुपारी सरकवली तर तेवढी साठवण बांधावीच लागत नाही. आणि शेवटच्या काही टक्क्यांसाठी, वर्षातल्या मोजक्या वाईट दिवसांसाठी, आधीच बांधलेली वायूची केंद्रं राखून ठेवता येतात. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ४०० तास चालणाऱ्या केंद्राचा धूर, रोज संध्याकाळी चालणाऱ्या केंद्राच्या तुलनेत फार थोडा असतो. ते ४०० तास कशाने भरायचे हे ठरायला अजून दहा-पंधरा वर्षं लागली तरी, रोजच्या संध्याकाळचं इंधन आजच्या किमतीच्या बॅटऱ्यांनी आत्तापासून वाचवता येतं.